बत्तीस नंबरचा वाडगा

पाहुण्यांना गाव दाखवायचं काम त्याच गावच्या माणसाला कधी सांगू नये. भाडोत्री वाटाड्या चार इमारती दाखवतो आणि मोकळा होतो. गावचा माणूस मात्र इमारतींच्या नावाखाली स्वतःची अब्रू दाखवायला निघतो, आणि अब्रू ही वस्तू घराबाहेर काढली की तिला धक्का लागायचाच. शिआनच्या पाणीखात्यात चौतीस वर्षं मीटर तपासून निवृत्त झालेले दांग शौशिन ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी असेच आपली अब्रू घेऊन बाहेर पडले.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, वेइलानचं, लग्न ठरलं होतं. मुलगा सोन्यासारखा होता. खोट एकच, तो ग्वांगझौचा होता. ह्या जुनयानच्या हातात दोन नोकऱ्या होत्या, एक शिआनमधली आणि एक त्याच्या गावातली, आणि सोमवारपर्यंत दोहोंपैकी एकीला हो म्हणायचं होतं. "माझ्या आईला शिआन आवडलं तर मी इथली घेतो," असं तो वेइलानला म्हणाला होता. त्याची आई जन्मात कधी यांगत्से ओलांडून उत्तरेला आलेली नव्हती.

दांग चारचौघांत म्हणत, "पोरगी कुठेही राहू दे, सुखात राहिली म्हणजे झालं." आणि रात्री दिवा मालवल्यावर बायकोला विचारत, "सूछिन, ग्वांगझौला गाडीने किती तास लागतात गं?" सूछिन म्हणे, "आठ." हा प्रश्न त्यांनी महिन्याभरात अकरा वेळा विचारला होता आणि दर वेळी आठच तास लागत होते.

आता हे व्याही-विहीण शुक्रवारी संध्याकाळी येणार आणि शनिवारी बाराच्या गाडीने परत जाणार. म्हणजे हातात फक्त एक रात्र. तेरा राजघराणी आली नि गेली तरी जे शहर संपलं नाही, ते एका रात्रीत दाखवायचं आणि आवडायलाही लावायचं, असा तो बेत होता.

बेताची बातमी वसाहतीच्या फाटकाशी पोचली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. त्या फाटकाशी रोज चार म्हातारे बुद्धिबळ मांडून बसत आणि खेळ सोडून बाकी सगळ्यात लक्ष घालत. त्यांचा म्होरक्या तुंग, बस डेपोतून निवृत्त झालेला.

"दक्षिणेकडच्यांना पाव पचत नाही," तुंग म्हणाला. "भाताशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही."

"तू कधी ग्वांगझौला गेलायस का?" दांगनी विचारलं.

"माझा मेहुणा गेला होता. त्याला तिथे पाव मिळाला नाही. म्हणजे उघडच आहे की!"

पहिल्या मजल्यावरच्या छ्यू आजी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्यांना लांबून घंटाघर दाखव आणि झोपव. जास्त दाखवलंस की माणसं तुलना करायला लागतात." आज मागे वळून पाहता त्या सगळ्या सल्ल्यांत शहाणपणाचा हा एकच होता, पण शहाणा सल्ला ऐकायची पद्धत आपल्याकडे नाही आणि शिआनमध्येही नाही.

"आणि मटणपाव खायला नेणार असशील," तुंग पुढे म्हणाला, "तर सरळ मशीनचा पाव माग. पाहुण्यांना तोडायला बसवलंस तर कोंबडा आरवेल."

तुंगने दुखऱ्या जागी बोट ठेवलं. शिआनचा मटणपाव म्हणजे काय, तर पानात आलं की खाल्लं अशी ती वस्तू नव्हे. आधी समोर रिकामा वाडगा आणि दोन कडक, अर्धकच्चे भाजलेले पाव येतात. ते खाणाऱ्याने आपल्या हाताने सोयाबीनच्या दाण्याएवढे बारीक तोडायचे. मग तो वाडगा आत जातो, आचारी तुकडे बघतो आणि रस्सा किती, आच किती ते ठरवतो. तुकडे बघून त्याला माणूस कळतो. हल्ली घाईच्या लोकांसाठी कापायचं मशीन निघालंय, पण दांग मशीनच्या पावाचं नाव घेताना, लोक चोरीचं घेतात तसं, आवाज खाली आणत. सात वर्षांपूर्वी मा उस्तादांनी, म्हणजे ढोलघराच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या दुकानाच्या मुख्य आचाऱ्यांनी, एक वाडगा हातात घेऊन कोणाचा हे न विचारताच म्हटलं होतं, "हा दांगचा हात!" दांगना सरकार दरमहा पेन्शन देत होतं, पण ते जगत होते ह्या तीन शब्दांवर.

"ज्याला दिसत नाही त्याने मशीनचा खावा," दांग म्हणाले. "माझ्या घरचे पाहुणे हाताने तोडतील."

दिसण्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. दांगचा चष्मा नऊ वर्षांपूर्वीचा होता. सूछिन रोज म्हणे, "म्हातारबा, डोळे तपासून घ्या. काल मिठाच्या जागी साखर घातलीत." त्यावर दांगचं उत्तर ठरलेलं होतं. चौतीस वर्षं ज्याने अंधाऱ्या खड्ड्यात वाकून मीटरचे आकडे वाचले, त्याचे डोळे कोण तपासणार?

विहीणबाई तीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात कामाला होत्या, असं वेइलानने सांगितलं होतं. त्यावरून दांगनी एकच निष्कर्ष काढला, की बाई वेळेच्या पक्क्या असणार. म्हणून त्यांनी वहीत मिनिटांसकट वेळापत्रक आखलं. सहा पस्तीस, दक्षिण दरवाजा. सहा पन्नास, शहराच्या जुन्या तटावर. सात चाळीसला खाली, आठ पाचला घंटाघर, आठ वीसला मटणपाव. गुडघेदुखीवाल्या सूछिनला साडेसातपासून दुकानात टेबल अडवून बसायची कामगिरी दिली. आणि सगळ्यांत खाली, लाल शाईत: मटणपावाआधी कोणी काहीही खायचं नाही.

घोडं पहिल्याच मुक्कामाला पेंड खायला लागलं. तटावर जायचं तर फोनवरून आधी नावं घालावी लागतात, आणि प्रत्येकाचा ओळखपत्राचा नंबरही. होणाऱ्या विहिणीला ओळखपत्र कसं मागायचं? ते पोलिसासारखं दिसतं. दांगनी मुलीला सांगितलं, मुलीने जुनयानला, त्याने फोटो पाठवला, आणि "मी घालते बाबा" असं वेइलान म्हणत असताना दांगनी ते आकडे स्वतःच्या हाताने घातले.

"काका, या नंबरच्या बाई नाहीत," दक्षिण दरवाज्याच्या तिकीटखिडकीतली मुलगी म्हणाली.

"नाहीत म्हणजे? ह्या काय समोर उभ्या आहेत!"

"मशीनमध्ये नाहीत."

"मशीनमध्ये कशाला असतील? त्या इथे आहेत. गाडीने आल्यात, आठ तास!"

मागच्या रांगेने ताबडतोब मतं द्यायला सुरुवात केली. एकाने फोन बंद करून चालू करायला सांगितलं, दुसरा म्हणाला आत्याचं असंच झालं होतं, तिला शेवटपर्यंत सोडलं नाही. विहीणबाई, म्हणजे ठेंगणीशी, पांढऱ्या केसांची, हातात ओल्या कागदी रुमालांचं पाकीट धरलेली बाई, स्वतःच्या अस्तित्वाबद्दलचा हा वाद शांतपणे ऐकत होत्या. वीस मिनिटांनी वेइलानने बापाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि तिनाच्या जागी पडलेला आठ दुरुस्त केला.

"हं," विहीणबाई म्हणाल्या.

ह्या बाईंचं बोलणं म्हणजे बहुतेक हेच होतं. त्या "हं"चा अर्थ काय ह्यावर दांग जिने चढताना विचार करत राहिले. आवडल्याचा "हं" असा नसतो, एवढं त्यांना कळलं.

वेळ भरून काढायला त्यांनी तटावर दोघांची सायकल घेतली. बाकीचे तिघं चालत येणार, हे दोघे व्याही पुढे जाऊन परत येणार. पुढे दांग, मागे व्याही क्वांग. क्वांग म्हणजे गोल, हसतमुख, भुकेला गृहस्थ. तटावरच्या सहाशे वर्षांच्या विटा सायकलीसाठी बसवलेल्या नाहीत, हे दांगना शंभर पावलांत कळलं, आणि मागचा माणूस पायडल मारत नाही हे दोनशे पावलांत.

"व्याहीबुवा, पाय मारताय ना?"

"मारतोय, मारतोय! वा, काय दिवे लागलेत हो!"

दिव्यांचे फोटो दोन्ही हातांनी काढले जात होते, हे दांगना मागे वळल्यावर दिसलं. त्यांनी मागे वळायला नको होतं. पुढे जुन्या काळचे रेशमी कपडे घालून फोटोला उभी राहिलेली एक राजकन्या बाहीसकट वाटेत आली, दांगनी ब्रेक दाबला, व्याही सगळ्या वजनानिशी त्यांच्या पाठीवर आले, आणि चष्मा नाकावरून उडून तटाच्या दोन दातांमधून पलीकडे गेला. खाली खंदक होता. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"फोटोत आलात तुम्ही," राजकन्या रागाने म्हणाली.

"घरी दुसरा असेल ना?" क्वांगनी विचारलं.

"गरज नाही. लांबचं मला स्पष्ट दिसतं."

"आणि जवळचं?"

"जवळचं पाठ आहे," दांग म्हणाले.

आठ वाजून गेल्यावर ही वरात तटावरून उतरली. घंटाघर त्यांनी छ्यू आजींच्या म्हणण्याप्रमाणे लांबूनच पाहिलं, कारण जवळ जायला वेळ उरला नव्हता. ढोलघराच्या मागच्या गल्ल्यांत शिरले तेव्हा शुक्रवारची गर्दी ऐन भरात होती. डावीकडे सळईवरचं मटण निखाऱ्यावर चरचरत होतं, उजवीकडे खजूर घातलेल्या चिकट गोड भाताच्या टोपावरचं झाकण निघत होतं, वाफेत माणसं दिसेनाशी होत होती. क्वांगनी सकाळपासून गाडीतला एक डबा भात सोडून काही खाल्लं नव्हतं.

"फक्त एक काडी," ते म्हणाले.

"अजिबात नाही. पोट रिकामं हवं. आणि हे सगळं बाहेरगावच्यांसाठी असतं."

"मी बाहेरगावचाच आहे हो, व्याहीबुवा!"

"आज नाही," दांग म्हणाले. "आज तुम्ही माझे आहात."

त्यांच्या मनात हे प्रेमाचं वाक्य होतं. क्वांगनी ते धमकीसारखं घेतलं आणि पुढच्या दहा मिनिटांत ते तीन वेळा हरवले. तिन्ही वेळा सापडले तेव्हा तोंड मिटलेलं आणि गाल भरलेले होते. जुनयान बापाच्या हातातल्या काड्या गुपचूप कचऱ्यात टाकत होता. विहीणबाई मात्र एकदाच थांबल्या. एक म्हातारी लांब लोखंडी सुईने एकामागून एक आक्रोड असा फोडत होती की आतला गर अख्खा निघत होता. विहीणबाई तिच्या बोटांकडे बघत राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"चला, चला, आठ सत्तावीस!" दांगनी त्यांना तिथून काढलं.

लाल कंदिलाला उजवीकडे वळायचं, हे दांगना पाठ होतं. चष्मा नसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या भागात प्रत्येक दारावर लाल कंदील आहे. त्यांनी तीन कंदिलांना वळणं घेतली आणि परत त्याच आक्रोडवाल्या म्हातारीसमोर आले.

"आलात का परत?" ती म्हणाली. "मला वाटलंच, ह्या बाईंचं मन इथेच राहिलं होतं. कुठल्या गावचे तुम्ही?"

"मी इथलाच!" दांग ओरडले. जन्म ह्या गावात गेला आणि आता आक्रोडवालीला पुरावा द्यायची वेळ आली! "एकसष्ट वर्षं इथलाच!"

"हं," विहीणबाई म्हणाल्या. हा दुसरा.

मा उस्तादांच्या दुकानात ते नऊला दहा कमी असताना पोचले. सूछिन सव्वा तास टेबल लढवत होती. पाच स्टुलांवर तिची छत्री, पिशवी, स्वेटर आणि दोन्ही मोजे होते.

"म्हातारबा, चष्मा कुठाय?"

"खंदकात."

"आणि पाहुणे?"

"ते मागून येतायत."

"नशीब," सूछिन म्हणाली आणि मोजे उचलले.

दोन टेबलं पलीकडे तुंग बसला होता. त्याने हात हलवला. शिआनची वस्ती सव्वा कोटीच्या घरात आहे, आणि तरीही त्या रात्री त्या दुकानात तुंगच बसलेला असणार, हे दांगना खरं म्हणजे आधीच कळायला हवं होतं.

वाढणारी मुलगी सहा वाडगे, बारा पाव आणि प्रत्येकाला नंबराचा एकेक बिल्ला देऊन गेली. बिल्ला आपापल्या वाडग्याच्या कडेला अडकवायचा. दांग नेहमीचे, म्हणून एकतीस नंबरपुढे तिने पाटीवर त्यांचं नाव लिहिलं. साडेनऊला भट्टी बंद, तोपर्यंत वाडगे आत गेले पाहिजेत. "मशीनचा आणू का?" तिने विचारलं. दांगनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती निघून गेली.

दांगनी चहा ओतला. क्वांगनी टेबलावर दोन बोटांनी टकटक केलं. दांगना वाटलं, घाई करतोय. त्यांनी आणखी भराभर ओतला. क्वांगनी पुन्हा टकटक केलं. दांगनी दात ओठ खात ओतला, तेव्हा चहा पेल्यातून टेबलावर आणि टेबलावरून क्वांगच्या मांडीवर गेला.

"बाबा," वेइलान कुजबुजली, "त्यांच्याकडे असं टकटक करून आभार मानतात!"

तेवढ्यात विहीणबाईंनी स्वतःच्या पेल्यातला गरम चहा रिकाम्या वाडग्यात ओतला, फिरवला, फेकला आणि वाडगा कोरड्या रुमालाने पुसला. आजूबाजूच्या दोन टेबलांवरचं बोलणं थांबलं. दांगचे कान लाल झाले. मा उस्तादांच्या दुकानाचा वाडगा विसळला!

"तीही त्यांच्याकडची पद्धत आहे," वेइलान म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "बाबा, प्लीज. आता फक्त जेवू या."

दांगनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. ही पोरगी उद्या आठ तासांवर जाणार, आणि ती आपल्याच वेळापत्रकामुळे जाणार, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. बाकी काहीच स्वच्छ दिसत नव्हतं.

सगळे पाव तोडायला लागले. क्वांग एक तुकडा वाडग्यात टाकत आणि एक तोंडात. जुनयान आणि वेइलान मान खाली घालून तोडत होते. दांग डोळे अर्धे मिटून, बोटांच्या भरवशावर तोडत होते. "बोटांना चष्मा लागत नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं, कोणी विचारलं नसताना. विहीणबाईंनी वाडग्यावर कागदी रुमाल आडवा धरला होता, धूळ नको म्हणून, आणि त्याखाली त्यांचे हात भराभर चालले होते. पंधरा मिनिटांत त्यांचे दोन्ही पाव संपले. रुमाल वाडग्यावर झाकून त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या मोरीवर हात धुवायला गेल्या.

पंधरा मिनिटांत!  ज्या कामाला त्यांना स्वतःला चाळीस मिनिटं लागतात ते पंधरा मिनिटांत उरकणाऱ्या बाईने पावाची ढेकळं केलेली असणार. आणि मा उस्तादांचा स्वभाव! जाड तुकड्यांचा वाडगा ते खिडकीतून परत पाठवतात, नंबर पुकारून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. एकदा तर त्यांनी एका अधिकाऱ्याचा वाडगा परत पाठवला होता. आता हा नंबर विहीणबाईंचा असणार. मग तिसरा "हं", मग सोमवार, मग ग्वांगझौ.

त्या क्षणी दांगनी आयुष्यातला सगळ्यांत मोठा त्याग केला. सूछिन पिशवी आवरत होती, पोरं फोनमध्ये होती, क्वांग पावात गुंतले होते. दांगनी आपल्या वाडग्याचा एकतीस नंबरचा बिल्ला काढला, विहीणबाईंच्या वाडग्याचा बत्तीस नंबरचा काढला आणि अदलाबदल केली. रुमालाखाली बघायचं सौजन्याने टाळलं. बघितलं असतं तरी काही दिसलं नसतंच. बाईंना शाबासकी मिळेल, शिव्या आपण खाऊ. मा उस्ताद काय म्हणतील? दांगचा हात गेला म्हणतील. म्हणू देत. पोरगी तरी गावात राहील.

वाडगे आत गेले. भट्टीचा भपकारा झाला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत मा उस्तादांची पांढरी टोपी दिसली.

"एकतीस नंबर!" त्यांचा आवाज भिंतीवर आपटला. "चाळीस वर्षं ह्या खिडकीत उभा आहे. असे तुकडे मी पाहिलेले नाहीत. एक दाणा दुसऱ्यापेक्षा मोठा नाही! कोणाचा? एकतीस... अरे, दांग! तुझ्यासमोर हात जोडले!"

अख्खं दुकान वळलं. तुंगच्या तोंडातला लसूण तसाच राहिला. आणि खरं सांगायचं तर दांग अर्धे उठलेसुद्धा. एका श्वासापुरते ते पृथ्वीवरचे सगळ्यांत सुखी गृहस्थ होते. मग त्यांच्या लक्षात आलं की हा वाडगा त्यांचा नाही.

"आणि हा बत्तीस," मा उस्ताद म्हणाले. "हा कोणी तोडलाय? कबुतरांना घालायचाय का? एक तुकडा नखाएवढा, एक बुटाएवढा! पाहुणे असतील तर माझी तक्रार नाही, पण ह्याच्यात रस्सा घालून मी दुकानाचं नाव घालवणार नाही. मशीनचा घ्या."

सगळ्या माना टेबलाकडे वळल्या आणि एकेक करून विहीणबाईंवर स्थिर झाल्या. बाई पाठ ताठ करून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, "हं"सुद्धा नाही. क्वांगचं हसू मावळलं. जुनयानने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. वेइलानने बापाकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात दांगचा होता आणि अवलक्षण दुसऱ्याच्या कपाळी गेलं होतं.

गप्प बसता आलं असतं. मा उस्तादांचे ते शब्द उरलेल्या आयुष्याला पुरले असते. तुंगने ते स्वतः फाटकाशी सांगितले असते.

"बत्तीस माझा आहे," दांग म्हणाले.

"तुझा एकतीस," मा उस्ताद म्हणाले.

"बिल्ले मी बदलले. एकतीस नंबरचा वाडगा ह्यांचा. ह्या ग्वांगझौच्या आहेत, आज पहिल्यांदा पाव तोडला ह्यांनी. मला वाटलं, ह्यांचे तुकडे जाड असतील, तुम्ही ओरडाल, म्हणून..." त्यांनी खिडकीतल्या वाडग्याकडे बोट केलं. "कबुतरांचा वाडगा माझा आहे, उस्ताद."

मा उस्तादांनी बत्तीस नंबरचा वाडगा दिव्याखाली धरून एकदा पुन्हा पाहिला, दांगकडे पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "दांग," ते हळूच म्हणाले, "तुला बरं नाही का रे?" हे शिव्यांपेक्षा वाईट होतं. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळं दुकान हसायला लागलं. तुंगने फोन उंच धरून फोटो काढला. वसाहतीच्या ग्रूपवर तो दोन मिनिटांत गेला असेल, कारण तिसऱ्या मिनिटाला सूछिनचा फोन वाजायला लागला.

"मी पाहिलं होतं," विहीणबाई म्हणाल्या.

 एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं.

"मोरीवर आरसा आहे. तुम्ही बिल्ले बदललेत ते दिसलं. मला वाटलं, चांगला वाडगा स्वतःला घेतायत. म्हटलं, बघू तरी काय करतात." त्यांनी रुमालाची घडी घातली. "तीस वर्षं मी भिंग लावून घड्याळात स्क्रू बसवलेत. ते स्क्रू ह्या तुकड्यांच्या चौथ्या हिश्शाएवढे असतात." मग त्या मुलाकडे वळल्या. "जुनयान, इथली नोकरी घे."

वेइलानने तोंडावर हात ठेवला. सूछिनने वाजणारा फोन बंद केला.

"म्हणजे शिआन आवडलं तुम्हाला, विहीणबाई?" तिने विचारलं.

"शिआन मी अजून पाहिलंच नाही. ह्यांनी थांबू कुठे दिलं! एक आक्रोडवाली पाहिली, ती तेवढी दोनदा." त्या आता दांगकडे बघत होत्या. "पण ह्या माणसाला दिसत नाही. दिसत नाही हे तो कबूल करत नाही. आणि न दिसता दुसऱ्याची अब्रू राखायला जातो. अशा माणसाची एकुलती एक मुलगी आठ तासांवर राहून कसं चालेल?"

दांगना खूप काही बोलायचं होतं. लांबचं स्पष्ट दिसतं हे सांगायचं होतं, मीटरचं सांगायचं होतं. पण ज्या गोष्टीसाठी महिनाभर झोप उडाली ती आपल्याला कर्तबगारीने मिळाली नसून कीव येऊन मिळाली आहे, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी फक्त किटली उचलली आणि विहीणबाईंच्या पेल्यात चहा ओतला. थोडा बाहेर सांडला. विहीणबाईंनी दोन बोटं टेबलावर टेकवली. टक, टक.

"ती वेळापत्रकाची वही द्या इकडे," त्या म्हणाल्या. दांगनी दिली. त्यांनी सगळ्या वेळा एका रेघेत खोडल्या आणि खाली बारीक, मण्यांसारख्या अक्षरांत लिहिलं, जे दांगना अर्थातच वाचता आलं नाही, म्हणून त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. "सकाळी नऊ, चष्म्याचं दुकान. दहा, आक्रोडवाली. बाराची गाडी."

तोवर वाडगे आले. दांगसमोर मशीनने कापलेल्या पावाचा वाडगा ठेवला गेला, एकसारखे चौकोनी तुकडे, मटणाचा वाफाळता रस्सा, वर कोथिंबीर. दोन टेबलं पलीकडून तुंग डोळे लावून बघत होता. दांगनी एक घास घेतला. मग दुसरा, जरा मोठा.

"कसा लागतोय, म्हातारबा?" सूछिनने विचारलं.

उत्तम लागत होता, तीच तर पंचाईत होती.

"हं," दांग म्हणाले.